झोपली ना?

आमच्या घरात आईचे दोन हंगाम होते, आणि ते पंचांगात छापलेले नसत. पहिला गणपतीच्या आसपास सुरू व्हायचा. आई भल्या पहाटे उठून फळीवरची सगळी भांडी खाली काढायची, घासायची, पुसायची आणि मनासारखी लागली नाहीत म्हणून पुन्हा काढायची. आठवड्यात तीन तऱ्हेची लोणची व्हायची, शेजारच्या पोरींना पोलकी शिवून मिळायची आणि आम्ही शाळेला निघालो की अर्ध्या जिन्यात थांबवून ती आम्हाला वर्गातल्या बाईंची अशी नक्कल करून दाखवायची की पोट दुखेपर्यंत हसू यायचं. अप्पा म्हणायचे, "तुमच्या आईच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलंय, खाऊन घ्या पोरींनो." आम्ही खाऊन घ्यायचो. दुसरा हंगाम आखाडात. तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. वरणात मीठ नसायचं, नाहीतर दोनदा पडलेलं असायचं. वेणी घालायला ताई बसवून घ्यायची आणि घरात सगळे मोजे घातल्यासारखे चालायचे. अप्पा सांगायचे, आईला पित्त झालंय. दरवर्षी त्याच महिन्यात कसं बरं पित्त होतं, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांच्या आयांना हंगाम असतात, अशी माझी पुष्कळ मोठी होईपर्यंत समजूत होती.

लपवालपवीचा मला आता वीट आलाय, म्हणून आधीच सांगून टाकते. माझ्या जन्माच्या वेळी आईला वेड लागलं होतं. हा शब्द आमच्या घरात कुणी कधी उच्चारला नाही. ही गोष्ट आईला ठाऊक होती, अप्पांना ठाऊक होती आणि चांदवडला राहणाऱ्या आईच्या आईला आणि आईच्या चुलतीला ठाऊक होती. आजी ती पोटात ठेवूनच गेली. मला ती कळली पंधराव्या वर्षी, माझ्या ताईच्या पहिल्या बाळंतपणात. कशी कळली, तेवढंच मला इथे लिहायचं आहे.

आम्ही नाशकात द्वारका चौकाजवळ राहायचो. वर दोन खोल्या आणि खाली हमीदाभाभींच्या नवऱ्याचं ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करायचं दुकान. सकाळी आठाला ठोकठोक सुरू व्हायची ती दिवेलागणीपर्यंत. पाहुणे कान धरायचे, आम्हाला मात्र शुक्रवारी दुकान बंद असलं की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. चौकातून कांद्याचे ट्रक जायचे आणि वळणावर हमखास दोनचार कांदे रस्त्यावर पडायचे, ते वेचायला मी जायची. अप्पा पाटबंधारे खात्यात कारकून होते. ते स्वभावाने इतके गरीब, की भाजीवाल्याने सडका टोमॅटो घातला तरी ते त्यालाच "असू दे, असू दे" म्हणायचे.

ताईचं नाव कुंदा. ती माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. तिला मनमाडचं स्थळ आलं, मुलगा रेल्वेत. पाहायला आले तेव्हा पोह्यांचा ट्रे धरून मी उभी होते. भाऊजींच्या आईने खाली मान घालून पोह्यांतले शेंगदाणे वेचता वेचता विचारलं, "घराण्यात कुणाला काही? कोड, फिट, डोक्याचं?" तशी रीतच होती. आईने एकही क्षण न दवडता म्हटलं, "छे हो. आमच्यात कुणाला काही नाही." आणि त्यांच्या ताटलीत आणखी पोहे वाढले. अप्पा खिडकीतून ट्रक बघत होते. लग्न थाटात झालं.

वर्ष-दीड वर्षाने ताई बाळंतपणाला माहेरी आली. मार्गशीर्ष होता, आणि नाशिकची थंडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना जास्त सांगायला नको. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून ती मुलीला घेऊन घरी आली. आतल्या खोलीत बाज टाकलेली, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, खिडक्यांच्या फटींत जुनी धोतरं कोंबलेली. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून आई इतकी जपत होती, की त्या खोलीत शिरलं की ओव्याच्या आणि लसणाच्या सालींच्या धुरीने डोळ्यांतून पाणी यायचं. जेवायला शेपूची भाजी, बाजरीची भाकरी, वर तूप, दुपारी अळिवाची खीर, डिंकाचे लाडू. तेल लावायला आणि बाळाला न्हाऊमाखू घालायला गयाबाई यायची. ती चांदवडकडची, हाताने मऊ आणि तोंडाने फटकळ. तिने पहिल्याच दिवशी ताईकडे बघून म्हटलं, "ही कशाची बाळंतीण! हिच्या डोळ्यांत बघा कसं लख्ख हाय. मी म्हनते, लय नशिबाची पोर."

खरंच लख्ख होतं. ताई मुळात घुमी. चार प्रश्न विचारावे तेव्हा एक उत्तर यायचं. ती आता थांबत नव्हती. बाळाच्या नखांविषयी, मनमाडच्या पाण्याविषयी, शाळेतल्या एका बाईंनी आठवीत तिच्यावर केलेल्या अन्यायाविषयी, आणि मग पुन्हा नखांविषयी. मला फार मजा वाटत होती. आईचा गणपतीचा हंगाम आता ताईला लागलाय असं मी तिला म्हटलंसुद्धा. ताई हसली. आई तिथेच लाडू वळत होती, तिचा हात थांबला. मग तिने तो लाडू मोडून पुन्हा वळायला घेतला.

मला ताईच्या खोलीत खाली अंथरूण घालून दिलं होतं. बाळ रडलं तर उठायचं, एवढंच काम. पहिल्याच दिवशी ताईने मला बजावलं, "विजू, मी जागी असते ते आईला सांगायचं नाही. उगाच काळजी करेल. मला झोपच नकोय गं, अजिबात थकले नाहीये." मी शपथ घेतली. मोठ्या बहिणीने लहानीला गुपितात घेणं ही काय चीज असते, ते धाकट्यांनाच ठाऊक. सकाळी आई चहा घेऊन यायची आणि दारातूनच विचारायची, "झोपली ना?" मी म्हणायची, "हो." ती आत येऊन ताईच्या डोळ्यांकडे बघायची, एकदा नव्हे दोनदा, आणि कप ठेवून निघून जायची. तिसरा दिवस, चौथा दिवस. मधेच जाग आली की मला ताई बसलेली दिसायची, कधी दुपट्यांच्या घड्या घालताना, कधी नुसतीच ओठ हलवताना. तरी सकाळी मी "हो"च म्हणायची.

आता इतकं वाचल्यावर, ऐकल्यावर मला काही गोष्टी समजतात. ह्या आजाराचं बी घरातून येतं, पण प्रत्येक बी उगवत नाही. त्याला ओल लागते. बाळंतपणानंतर बाईच्या शरीरात जी उलथापालथ होते, ती एक ओल. झोप मोडणं ही दुसरी, आणि ही फार वाईट. मोठा धक्का, घरदार बदलणं, एखादं चुकीचं औषध, अशाही असतात. आमच्या घरात बीही होतं आणि पाचव्या दिवसापर्यंत आम्ही सगळ्यांनी मिळून पाणीही घातलं, तेही प्रेमाने. ह्या वयात मी रात्री दहाला दिवा मालवते म्हणून माझी भाची, म्हणजे तेव्हाचं ते बाळ, मला हसते. हसू दे. गेल्या महिन्यात तिने सकाळी सहाला फोन केला आणि म्हणाली, "मावशी, काय फ्रेश वाटतंय म्हणून सांगू! चारला उठून सगळं किचन लावून काढलं." मी विचारलं, काल किती वाजता झोपली होतीस? ती म्हणाली, अगं, जरा सैल घे ना, सगळ्यात आजार काय बघतेस! फोन ठेवल्यावर बराच वेळ मी चहा न करता तशीच बसून होते.

पाचव्या दिवशी पाचवी पुजली. पाटावरवंट्याला हळदकुंकू, शेजारी विळा, कणकेचा दिवा, आणि एक कोरा कागद नि पेन. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहिते; तिला लिहायचं सामान आपण तयार ठेवायचं. त्या रात्री जागायचं असतं. गयाबाई मुद्दाम राहिली होती, आईही बसली होती. पण दिवसभराच्या कामाने दोघी बसल्या बसल्या पेंगल्या, मी तर केव्हाच आडवी झाले होते. सकाळी उठून पाहिलं तर कागद भरलेला.

दोन्ही बाजूंनी भरलेला. अक्षर बारीक, दाट, मधे कुठे स्वल्पविराम नाही, समासात उभ्या ओळी. मी वाचायला घेतलं. "हिला कुणी पाहायला येणार नाही हीच जग पाहायला जाईल हिला पोहे करता येणार नाहीत हिला सात भाषा येतील हिच्या पायाखाली नदी थांबेल" असं बरंच काही. मला ते फारच आवडलं. अक्षर ताईचं होतं, ते मी ओळखलं. शाळेत निबंधाला बक्षीस मिळवणाऱ्या मुलीचं अक्षर घरात कोण विसरेल? पण मी काही बोलायच्या आत गयाबाईने कागदाला हात जोडले. तिला वाचता येत नव्हतं. तिला एवढंच कळत होतं, की तिने आजवर शंभरेक पाचव्या पुजल्या आणि कागद प्रत्येक वेळी कोराच राहिला. "सटवाई बाळंतिनीच्या हातात आली," ती म्हणाली. "पाच दिसांची बाळंतीन कुठं कागद भरती का? हिला हात नाय लावायचा आता कुणी. हिच्यात देवी हाय."

मी आईकडे बघितलं. आईने कागद घेतला, पहिल्या चार ओळी वाचल्या. तिचा चेहरा मला आजही दिसतो. ज्या माणसाची आपण वाट बघत असतो आणि येऊ नये म्हणून प्रार्थनाही करत असतो, ते दारात उभं राहिल्यावर होईल तसा. मग तिने घडी घातली, कागद देव्हाऱ्यात ठेवला आणि म्हणाली, "गयाबाई म्हणते तसंच असेल."

आईने असं का केलं, ह्यावर मी तिच्याशी अनेक वर्षं मनातल्या मनात भांडले. आता भांडत नाही. देवी आली म्हटलं तर सोयरीक मोडत नाही. डोक्याचं आहे म्हटलं तर मोडते. तिला दोन दारं दिसत होती आणि एकातूनच मुलगी मनमाडला परत जाऊ शकत होती. तिने ते उघडलं. तुम्ही-मी काय वेगळं केलं असतं, हे छातीवर हात ठेवून सांगावं.

गयाबाईच्या तोंडात तीळ भिजत नसे. दुपारपर्यंत गल्लीतल्या बायका यायला लागल्या. कुणी ओटी भरायला, कुणी पाया पडायला, कुणी आपल्या पोराचं नशीब विचारायला. ताई बाजेवर ताठ बसून प्रत्येकीला उत्तर द्यायची, आणि उत्तरं अशी चपखल, की बायका डोळे पुसत बाहेर पडायच्या. दुसऱ्या दिवशी जास्त आल्या, तिसऱ्या दिवशी त्याहून. आधी ती रात्री झोपत नव्हती, आता दिवसा टेकायचीही सोय राहिली नाही. जेवण ताटात तसंच राहायचं. बाळाला घ्यायचं लक्षात राहायचं नाही आणि आठवलं की इतकं घट्ट धरायची की सोडवून घ्यावं लागे. एकदा तिने मला जवळ ओढून कानात सांगितलं, "विजू, खालची ठोकठोक नीट ऐक. ते माझं नाव ठोकतायत." तिचा श्वास गरम होता. मला पहिल्यांदा भीती वाटली, तीही बहिणीची. त्या सकाळीही आईने दारातून विचारलं, "झोपली ना?" आणि मी म्हटलं, हो.

एकच बाई सरळ बोलली. हमीदाभाभी नवव्या दिवशी वर आल्या, शेवयांचं दूध घेऊन. त्या ताईच्या पाया पडल्या नाहीत. बाजेच्या कडेला बसून तिच्या कपाळावर हात ठेवला, पापणी खाली ओढून बघितली आणि बाहेर येऊन आईला म्हणाल्या, "भाभी, बुरा मत मानो. ये देवी-बिवी मला कळत नाही, तुमचं तुमच्याजवळ. पण लडकी सोई नही है. आठ-नऊ दिवस झाले, डोळे बघा तिचे. मेरी खाला का, मावशीचं, ऐसाच हुआ था. डॉक्टरला दाखवा." आई म्हणाली, "बारसं होऊ द्या. उद्या मनमाडची मंडळी येणार आहेत." "बारसं बाळाचं होईल," भाभी म्हणाल्या, "आईचं काय?" आणि भांडं तिथेच ठेवून खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला ताई बाळाला घेऊन निघून गेली. अप्पा कचेरीत होते, आई गच्चीवर दुपटी वाळत घालत होती, गयाबाई पाणी तापवत होती आणि मी भिंतीला टेकून डुलकी काढत होते. उठले तर बाज रिकामी आणि दार सताड उघडं. मी जिन्यावरूनच ओरडले. खाली आले तेव्हा दुकानातली ठोकठोक थांबली होती आणि सगळे चौकाकडे बघत होते.

ताई द्वारकाच्या चौकात मधोमध उभी होती. अनवाणी, डोक्याचा रुमाल सुटलेला, एका हातात कुंचीत गुंडाळलेलं दहा दिवसांचं बाळ आणि दुसरा हात वर. चारी बाजूंनी ट्रक, टेंपो, टांगे. एक ट्रकवाला तिच्यापासून हातभर अंतरावर ब्रेक लावून शिव्या देत होता, दुसरा हॉर्न सोडत नव्हता. ती अतिशय शांतपणे, मोठ्याने, सगळ्यांना समजावून सांगत होती, की तिला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, जायचं आहे, पोरीच्या कपाळावरचं जुनं लिहिलेलं धुवून काढायचं आहे, आणि तोवर कुणी पुढे यायचं नाही. मी जागची हलू शकले नाही. आई माझ्या मागून धावत आली आणि फुटपाथच्या कडेला येऊन तीही थांबली. एक पाऊल खाली टाकलं, मागे घेतलं. ती ताईकडे बघत होती, पण मी शपथेवर सांगते, तिला दुसरंच काही दिसत होतं.

हमीदाभाभी गेल्या. त्या धावल्या नाहीत. ओढणी सावरत, ट्रकच्या मधून, भाजीला निघाल्यासारख्या चालत ताईपर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "कुंदा, बच्ची भूकी है रे. ऐक, रडतेय. दे माझ्याकडं, मी बघते. तू बोल तुझं." ताईने कान देऊन ऐकलं. बाळ खरंच रडत होतं. तिने ते भाभींच्या हातात दिलं, आणि बाळ हातातून गेल्यावर ती तिथेच रस्त्यात बसली. दुकानातल्या माणसांनी तिला उचलून आणलं. ट्रक सुटले. रस्त्यावर दोनचार कांदे पडलेले राहिले.

त्या दुपारी खोलीला बाहेरून कडी होती आणि आतून ताईचा आवाज येत होता, न थांबता. मी स्वयंपाकघरात आईपुढे जाऊन उभी राहिले आणि रडत म्हटलं, "आई, ताई झोपत नव्हती. एकही दिवस नाही. मी रोज खोटं सांगत होते." मला वाटलं आता थोबाडीत बसेल. बसली असती तर बरं झालं असतं. आई चुलीकडे बघत म्हणाली, "मला माहीत होतं. तू 'हो' म्हणावंस म्हणूनच विचारत होते." दूध उतू गेलं, ते कुणी उतरवलं नाही.

संध्याकाळच्या गाडीने भाऊजी आणि त्यांच्या आई आल्या, बारशाचं सामान घेऊन. बाळाला झबली, सोन्याचे मणी, पाच प्रकारची फळं. अप्पांनी त्यांना कसंबसं सांगितलं, ताप डोक्यात गेलाय. सकाळी कचेरीतल्या साहेबांच्या ओळखीने एका डॉक्टरांची वेळ मिळाली. भाऊजींच्या आई म्हणाल्या, मीही येणार, काय आहे ते माझ्या कानांनी ऐकणार. आम्ही दोन रिक्षांतून गेलो. ताईला भाऊजींनी आणि अप्पांनी धरलं होतं, बाळ माझ्या मांडीवर होतं.

डॉक्टर तरुण होते, जेमतेम पस्तिशीचे, आणि आवाज अगदी खालचा. त्यांनी ताईला आधी एक इंजेक्शन दिलं, आतल्या खाटेवर निजवलं आणि मग टेबलापाशी आम्हाला बसवून एकेक विचारत गेले. झोप किती दिवस नाही, बोलणं कधी वाढलं, आधी कधी असं झालं होतं का. मग पेन खाली ठेवून म्हणाले, "आता जे विचारतो त्याचं नीट उत्तर द्या. हे एकदाच होऊन जाणारं असू शकतं, किंवा आयुष्यभर अधूनमधून परत येणारं. औषध त्यावर ठरतं. एक गोळी आहे, तिच्यासाठी सारखं रक्त तपासावं लागतं, कमीजास्त झाली तर अपाय करते, ती मी उगाच देणार नाही. पण घरात कुणाला हा आजार असेल आणि त्या गोळीने ते बरं झालं असेल, तर मी आजच सुरू करीन. ती न देता सोडलं आणि हे परत आलं, तर पुढच्या वेळी चौकात कुणी असेलच असं नाही. घराण्यात कुणाला?"

"आमच्याकडे कुणाला नाही," भाऊजींच्या आई लगेच म्हणाल्या. डॉक्टरांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पा टेबलावरच्या काचेकडे बघत म्हणाले, "नाही." अप्पांनी आयुष्यात बोललेली ती दुसरी ठाम गोष्ट असावी; पहिली म्हणजे लग्नात म्हटलेलं 'नातिचरामि'. डॉक्टरांनी पेन उचललं आणि लिहायला लागले. पंख्याचा आवाज येत होता, आत ताई झोपेत कण्हत होती. दहा दिवसांनी आलेली झोप.

"आहे," आई म्हणाली. "मला."

डॉक्टरांनी मान वर केली. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, पण आवाज सरळ होता. "ही धाकटी झाली तेव्हा. पंधरा दिवस झोपले नव्हते. असंच बोलत होते, असंच सगळं लख्ख दिसत होतं, मला वाटायचं देवच माझ्याशी बोलतोय. चांदवडला होते मी. सकाळी हिला घेऊन विहिरीवर गेले. काठावर उभी होते. माझ्या आईनं मागून केस धरून ओढलं, हिला चुलतीनं झेललं. मग पुण्याला नेलं, सात महिने ठेवलं. विजेचे झटके दिले, त्यानं काही टिकलं नाही. शेवटी एक पांढरी गोळी दिली, दर महिन्याला रक्त काढायचे. त्यानं माणसात आले. दोन वर्षं घेतली. मग आईनं सांगितलं, पुरे आता, लोक विचारतात, आणि मी सोडली. तेव्हापासून लहानमोठं चालूच आहे. बाहेर दिसत नाही एवढंच."

"लिथियम?" डॉक्टरांनी विचारलं.

"तेच नाव."

मांडीवरचं बाळ जड झालं होतं. मी आईकडे बघत होते आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. मला तेव्हा राग आला नाही, कीव आली नाही, काही म्हणता काही आलं नाही. नुसतं वाटलं, की कुणीतरी ह्या बाळाला माझ्याकडून घ्यावं, कारण मला ते नीट धरता येत नाहीये. राग पुढे आला, आणि आला तो बरीच वर्षं राहिला.

भाऊजींच्या आईंचा चेहरा लाल झाला होता. "मी विचारलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "पोहे खाताना. सगळ्यांसमोर विचारलं होतं."

"विचारलं होतं तुम्ही. मी खोटं बोलले," आई म्हणाली. "मुलगी उजवायची होती मला. तुम्ही असतात तर तुम्हीही तेच केलं असतं, पण ते राहू द्या, चूक माझी आहे."

"मग आजच कशाला बोललात? झाकलेलं होतं ते झाकलेलंच राहिलं असतं की!"

आईने पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "मला ओढायला माझी आई होती," ती म्हणाली. "हिला मी आहे, पण मी काही जन्माला पुरणार नाही. आणि काल तर मी रस्त्यावर उभी होते, माझा पाय उचलला नाही. हिला कुणी धरायचं, ते तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे. म्हणून बोलले. नेणार नसाल तर तसं सांगा, मी माझी पोर सांभाळीन."

भाऊजींच्या आई उठल्या. "चल रे," त्या मुलाला म्हणाल्या, "गाडीची वेळ होईल." त्या बाहेर गेल्या, जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज आला आणि मग तो थांबला; त्या खाली उभ्या राहून वाट बघत असणार. त्या दिवशी त्या एकट्याच मनमाडला गेल्या, आणि आमच्या घरी पुन्हा आल्या त्या नात नऊ वर्षांची झाल्यावर. माझं पुढे लग्न झालं नाही. त्याची कारणं वेगळी होती, पण लोकांना एक कारण पुरतं आणि ते त्यांना त्या दिवशीच मिळालं होतं.

भाऊजी खुर्चीतच बसून होते. चोवीस-पंचवीस वर्षांचा पोरगेलासा माणूस, शर्टाच्या खिशाला रेल्वेचं पेन. दाराकडे बघत होते, मग आतल्या खाटेकडे बघितलं, मग माझ्या मांडीवरच्या बाळाकडे. आईने डोळे मिटून घेतले होते. अप्पा अजूनही काचेकडेच बघत होते.

"डॉक्टर," भाऊजी म्हणाले, "ती गोळी किती वाजता द्यायची असते? माझी पाळी दर आठवड्याला बदलते. एकच पाळी मागून घ्यायची असेल, तर मला आजच अर्ज लिहावा लागेल."